उजव्या हाताची बोटं गेली, मग त्याचं बिघडलं काय?

प्रश्न : सर, नमस्कार. माझं वय २३. भोसरीला प्रेस शॉपमध्ये हेल्पर आहे. मार्चमध्ये प्रेसखाली डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं, पहिल्या पेरापर्यंत. चार वर्षं गिटार वाजवतोय. डॉक्टर म्हणाले, आता विसर. मित्र म्हणतो, ब्लॅक सबाथ ह्या बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची दोन बोटं अशीच गेली होती. पण मी वाचलं की त्याच्या उजव्या हाताची गेली. उजव्या हातात तारा छेडायला नुसतं पिक धरायचं असतं, मग त्याचं बिघडलं काय? माझा तर डावा हात गेलाय. गिटार विकू का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : विकू नकोस. वय लिहिलंयस म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

आयोमी डावखुरा आहे. आपण डाव्या हाताने तारा दाबतो, तो उजव्याने दाबतो. म्हणजे प्रेसखाली नेमका तारा दाबायचाच हात सापडला. मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं. तुझ्यापेक्षा एक बोट जास्त, आणि वय सतरा.

ही हकीकत मी कितीदा वाचली असेल, तरी पोटात गोळा येतो. मी स्वतः एकतीस वर्षं टूल रूममध्ये डाया बनवल्या आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, त्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटते. १९६५ साल, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. पोरगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. जर्मनीच्या दौऱ्यावर जाणारा एक बँड मिळाला होता, त्यामुळे तो दिवस नोकरीचा शेवटचा. दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला. प्रेसवरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून ह्याला तिथे उभा केला. ते मशीन त्याने कधी चालवलं नव्हतं. प्रेस हातावर आली, त्याने झटक्यात हात मागे ओढला आणि टोकं तिथेच राहिली. नंतर कोणीतरी ती काडेपेटीत घालून दवाखान्यात आणली, पण तोवर काळी पडली होती.

बदलीचा माणूस, अनोळखी मशीन, शेवटचा दिवस. आपल्याकडेही बरेच अपघात असेच होतात. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते, पण माल जास्त निघावा म्हणून एक बटण तारेने कायमचं बांधून ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्याकडे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, नाव असेल तर मेडिकल बोर्डासमोर जा आणि कायमच्या अपंगत्वाच्या लाभाचा अर्ज कर. गिटारच्या सदरात हे कशाला, असं म्हणू नकोस. आधी ते कर.

तर आयोमीलाही डॉक्टरांनी तुझ्यासारखंच सांगितलं. तो घरी सुन्न बसून असायचा. कारखान्यातला त्याचा साहेब भेटायला आला आणि एक रेकॉर्ड ठेवून गेला. ऐक म्हणाला. पोराला संगीत ऐकायचीही इच्छा नव्हती, पण ऐकलं. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, १९२८ मध्ये तंबूगाडीला लागलेल्या आगीत ज्याचा डावा हात भाजला होता. अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी. उरलेल्या दोन बोटांनी त्याने पॅरिसमध्ये असा जॅझ वाजवला की चार बोटंवाले अजून त्याच्यामागे धावताहेत.

इथून पुढे बहुतेक लोक ‘जिद्द’, ‘प्रेरणा’ वगैरे लिहितात. मला त्याचा कंटाळा आहे. ह्या पोराने पुढे जे केलं ते सरळ फिटरचं काम होतं. भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं. मग घासत बसला, टोपी बोटावर चपखल बसेपर्यंत. नुसतं प्लॅस्टिक तारेवरून घसरतं, म्हणून जुन्या लेदर जॅकेटचा तुकडा कापून वर चिकटवला. झालं बोट.

टोपी घातली की तार बोटाला लागत नाही. किती दाबलंय ते कळत नाही, कानावर विसंबून राहायचं. त्यात तेव्हाच्या तारा जाड. बारीक तारांचे सेट तिथे मिळत नव्हते, म्हणून त्याने सगळ्यात बारीक दोन तारांच्या जागी बँजोच्या तारा घातल्या आणि बाकीच्या एकेक जागा जाड तारेकडे सरकवल्या. कंपन्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, असले सेट कोण घेणार? शेवटी वेल्समधल्या पिकॅटो कंपनीने बनवून दिले.

आणि तरीही दुखत होतं, म्हणून तारा सैल करून सूर खाली उतरवला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ ह्या तिसऱ्या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन पट्ट्या खाली आहे. पेटीच्या भाषेत सांगतो : सगळ्यात जाड तार असते पांढरी तीनला, ती त्याने आणली काळी एकला. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तीन पट्ट्या उतरल्या की जवळजवळ तीस टक्के ताण गेला. बोट हलकं झालं आणि आवाज जड. ज्या आवाजाला आज लोक हेवी मेटल म्हणतात, त्यात ह्या सैल तारांचा वाटा मोठा आहे. पुढच्या किती बँडनी बोटं शाबूत असताना तारा उतरवल्या, त्याची गणती नाही.

आता तुझं. जखम पूर्ण भरू दे, आणि टोकावर दाब कधी द्यायचा ते हाताच्या डॉक्टरलाच विचार. घरात प्लॅस्टिक वितळवू नकोस. हाताच्या थेरपीवाल्यांकडे गरम पाण्यात मऊ होणारं प्लॅस्टिक असतं, त्याची टोपी ते तुझ्या मापाची करून देतील. चामडं मात्र चांभाराकडून आण, पातळ आणि मऊ. आठ नंबरचा, म्हणजे बारीक तारांचा, सेट लाव, सगळ्या तारा दोन-तीन पट्ट्या उतरव, अॅक्शन म्हणजे तारांची फळीपासूनची उंची जितकी खाली येईल तितकी आण. पहिले तीन महिने अनामिका वापरूच नकोस, तर्जनी, मधलं आणि करंगळीवर वाजव. करंगळी रडेल. रडू दे.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर ब्लॅक सबाथ ऐकतो. पहिल्याच गाण्यात पाऊस, घंटा आणि मग ते अभद्र सूर. मी गाण्याच्या परीक्षा दिल्यात, पण हे ऐकून अंगावर काटा येतो. त्यात म्हणे सैतानाचा स्वर आहे?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, काटा यावा म्हणूनच ते केलंय. बँडचं नावच १९६३ च्या एका इटालियन भयपटावरून घेतलेलं.

पेटी काढा. पांढरी पाच षड्ज धरा. सा, मग वरचा सां, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यमावर थांबा. बराच वेळ. हेच ते गाणं. सैतानाचा स्वर म्हणतात तो हा, म्हणजे सा आणि तीव्र म मधलं अंतर. युरोपातल्या जुन्या संगीतकारांनी ते टाळायचे नियम केले होते हे खरं. चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही कथा मात्र फुगवलेली आहे. बँडचा बेसवाला गीझर बटलर होल्स्ट ह्या इंग्रज संगीतकाराची ग्रहमालेवरची रचना ऐकायचा, त्यातला ‘मंगळ’ तो बेसवर वाजवत होता, आणि त्यातून आयोमीला हे सुचलं.

तुम्ही यमन गायलाच असेल. तिथे हाच तीव्र मध्यम आहे, पण त्याला अलीकडे गंधार आणि पलीकडे पंचम असे दोन शेजारी आहेत, त्यामुळे तो घरचा वाटतो. आयोमीने शेजारी काढून घेतले आणि त्याला एकट्याला अंधारात उभं केलं. मुलाला सांगा, पेटीवर हे तीन सूर वाजवून दाखव, मग त्यातूनच मी यमन काढून दाखवते. चार दिवस घरात भांडण होणार नाही.

पाऊस नि घंटा मागाहून जोडलेल्या आहेत. तो पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला, तिकडे अशुभ मानतात तो तेरा तारखेचा शुक्रवार बघून, बाजारात आला. त्यानंतर माणसं आली नि गेली. गायक ऑझी ऑसबॉर्नला १९७९ मध्ये काढलं, रॉनी जेम्स डिओ आला, तोही गेला. सगळ्यांत टिकून राहिलेला एकटा आयोमी. २०१२ मध्ये त्याला लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचं कळलं, उपचार चालू असतानाच पुढच्या वर्षीचा ‘१३’ हा अल्बम झाला. ५ जुलै २०२५ ला मूळचे चौघेही बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर, म्हणजे ते वाढले त्या ॲस्टनमध्येच, शेवटचे एकत्र वाजले. सतरा दिवसांनी ऑझी गेला. तो कार्यक्रम मुलासोबत बघा. ऑझी सिंहासनावर बसून गातो, आणि बाजूला आयोमीची ती दोन बोटं चालू असतात.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, डावखुरी. दुकानदार म्हणतो डावखुरी गिटार मिळत नाही, उजव्यानेच शिकवा.
— एक पालक, नाशिक

उत्तर : दुकानात नाही म्हणून मुलीचा हात बदलायचा? पहिला अल्बम करताना आयोमीकडे स्ट्रॅटोकास्टर गिटार होती. एक गाणं झालं आणि तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, गेला. जवळ राखीव म्हणून गिब्सनची एसजी होती, ती मात्र उजव्या हाताची, उलटी करून धरलेली. बाकीचं सगळं तिच्यावर वाजवलं. पुढे त्याला एक उजखुरा भेटला जो डावखुरी एसजी उलटी धरून वाजवत होता. दोघांनी गिटारी बदलून घेतल्या.

डावखुरी मागवून मिळते, थोडे दिवस लागतात. मागवण्याआधी एक करा. मुलीला काही न सांगता हातात बॅडमिंटनची रॅकेट द्या आणि ‘गिटार वाजवून दाखव’ म्हणा. ती ज्या हाताने छेडेल, त्या हाताची घ्या.