हिपॅटायटिस बी निघाला आणि टर्म प्लॅन 'पोस्टपोन' झाला: आता पुढे काय?

तुमची परिस्थिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, नाशिकला नोकरी. दोन महिन्यांपूर्वी कंपनीतल्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीचा फोन आला आणि एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीरात असल्याचं दाखवणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. फ्लॅटचं कर्ज डोक्यावर आहे म्हणून एक कोटीच्या टर्म प्लॅनचा अर्ज केलात, त्यात हे खरं खरं लिहिलंत, आणि विमा कंपनीने अर्ज सहा महिने पोस्टपोन केला. आता तुम्हाला वाटतंय की विमा मिळणारच नाही. ओळखीचा एजंट म्हणतोय, दुसऱ्या कंपनीत टाकू, यकृताच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहू, तीन वर्षं गेली की कोणी विचारत नाही.

मला हाच संसर्ग जन्मापासून आहे आणि माझ्याकडे टर्म पॉलिसी आहे. जादा प्रीमियम भरून घेतलेली, पण आहे. त्यामुळे सविस्तर लिहितो.

पोस्टपोन म्हणजे डिक्लाइन नव्हे. डिक्लाइन म्हणजे नकार, पोस्टपोन म्हणजे 'आत्ता ठरवता येत नाही'. आणि तुमच्या बाबतीत दोन महिन्यांत खरंच ठरवता येत नाही. एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त काळ पॉझिटिव्ह राहिलं तरच वैद्यकशास्त्र त्याला जुनाट संसर्ग म्हणतं. निरोगी प्रौढाला हा विषाणू नव्याने लागला तर १०० पैकी सुमारे ९५ जणांचं शरीर तो आपोआप संपवतं. उलट जन्माच्या वेळी आईकडून आला, तर दहापैकी नऊ मुलांमध्ये तो मुक्काम करतो. आपल्या वयाच्या लोकांना बाळपणी ही लस सरकारी लसीकरणात मिळालीच नाही; ती देशभर पोचली २०११ मध्ये. त्यामुळे काही त्रास नसताना रक्तदानात सापडलेला संसर्ग बहुतेकदा जुनाच निघतो, हेही मनाशी धरून ठेवा. पण सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा केल्याशिवाय तुम्हीही ठामपणे काही बोलू नका आणि दुसऱ्या कंपनीत घाईने अर्जही टाकू नका. प्रत्येक प्रपोजल फॉर्ममध्ये विचारलेलं असतं: याआधी तुमचा अर्ज कधी नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा प्रीमियमने स्वीकारला गेला का? घाईघाईत चार ठिकाणी अर्ज केलेत तर या प्रश्नाचं उत्तर दर वेळी लांबत जाईल.

या चार महिन्यांत फाइल तयार करा. अंडररायटर, म्हणजे विमा द्यायचा की नाही आणि किती हप्त्यात ते ठरवणारा कंपनीचा माणूस, तुम्हाला भेटत नाही, तो फक्त कागद बघतो. त्याला भीती दोन गोष्टींची असते: यकृतावर वण पडत जाऊन सिऱ्होसिस होणं, आणि यकृताचा कॅन्सर. हिपॅटायटिस बी मध्ये सिऱ्होसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून 'मला तर काहीच त्रास नाही' या वाक्याला तिथे फारसं वजन नसतं. वजन असतं ते एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढतोय का ते सांगणारी चाचणी), एचबीव्ही डीएनएचा आकडा (रक्तात विषाणू किती आहे), एसजीपीटी-एसजीओटी (यकृताला इजा झाली की वाढणारी एन्झाइम्स), प्लेटलेट्स, पोटाची सोनोग्राफी, एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठीची रक्तचाचणी) आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) या रिपोर्टांना. एकाच दिवशीचे उत्तम रिपोर्ट असतील तरी ते अपुरे पडतात. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांत एसजीपीटी सतत नॉर्मल दिसलं, तर अंडररायटरला काहीतरी हाताला लागतं. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि प्रत्येक रिपोर्टची मूळ प्रत जपा. फायब्रोस्कॅन उपाशीपोटी करतात, आणि एसजीपीटी खूप वाढलेलं असताना तो आकडा फुगून येतो, त्यामुळे तो केव्हा करायचा ते डॉक्टरांना ठरवू द्या. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांच्यावरून एफआयबी-४ नावाचा आकडाही काढता येतो; तो १.३ च्या खाली असेल तर यकृतावर फार वण नसण्याची शक्यता जास्त. या सगळ्यावर हिपॅटॉलॉजिस्टचं (यकृततज्ज्ञाचं) किंवा गॅस्ट्रोच्या डॉक्टरांचं एक पानी पत्र असावं: निदान काय, कधीपासून, सध्याची अवस्था, औषध चालू आहे की नाही, पुढची तपासणी केव्हा. 'पेशंट ठणठणीत आहे' एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही.

दारूबद्दल स्पष्ट बोलतो. हिपॅटायटिस बी आणि दारू एकत्र दिसली की अर्ज तिथेच अवघड होतो, आणि यकृताचं नुकसान होतं ते वेगळंच. घेत असाल तर थांबवा, आणि फॉर्ममध्ये जे खरं असेल तेच लिहा. वजन आणि साखरेचंही तसंच. हिपॅटायटिस बी च्या जोडीला फॅटी लिव्हर आणि मधुमेह असला तर प्रत्येकाचा भार वेगळा मोजला जातो.

एक गोष्ट मला फार लागते. विमा होईपर्यंत औषध सुरू करायचं नाही, नाहीतर 'पेशंट' असा शिक्का बसेल, असं समजून लोक उपचार पुढे ढकलतात. कृपा करून असं करू नका. डॉक्टरांनी टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणू दाबणारी औषधं सांगितली तर ती लगेच सुरू करा. औषध घेऊन डीएनए सापडेनासा झालेला माणूस, औषध न घेता डीएनए लाखांत असलेल्या माणसापेक्षा विमा कंपनीच्या दृष्टीनेही बरा. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत मिळतं. तो २८ जुलै २०१८ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आता तुमच्या एजंटच्या सल्ल्याबद्दल. तो ज्या तीन वर्षांबद्दल सांगतोय ते विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये आहे, २०१५ च्या दुरुस्तीनंतरचं. तीन वर्षं उलटल्यावर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही, इथपर्यंत तो बरोबर आहे. पण ही तीन वर्षं पॉलिसी निघाल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून, पॉलिसी पुनरुज्जीवित केल्यापासून किंवा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) जोडल्यापासून मोजतात, आणि यातली जी तारीख सर्वांत उशिराची ती धरतात. म्हणजे हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि तुम्ही ती पुन्हा चालू केलीत, की मोजणी नव्याने सुरू. आणि ज्या तीन वर्षांत काही झालं तर घर कर्जात बुडेल, त्याच तीन वर्षांत तुमची पॉलिसी पोकळ असेल. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी एजंट सांगत नाहीत: कंपनीने फसवणुकीचा आरोप केला आणि विमेदार हयात नसेल, तर फसवणूक झाली नव्हती हे सिद्ध करण्याचा भार लाभार्थ्यांवर येतो. म्हणजे तुमच्या पत्नीवर. रक्तपेढीची नोंद आहे, लॅबचे रिपोर्ट आहेत, आधीच्या कंपनीचं पोस्टपोनचं पत्र आहे. या सगळ्यासमोर ती काय सिद्ध करणार? फसवणूक ठरली तर भरलेले हप्तेही परत मिळत नाहीत. म्हणून या सल्ल्याला साफ नाही म्हणा.

फॉर्म एजंटला भरू देऊ नका. स्वतः बसून भरा, आणि पडताळणीचा फोन येईल तेव्हाही खरंच सांगा. तो रेकॉर्ड होतो. पॉलिसी हातात आली की सोबतची प्रपोजलची प्रत ओळ न ओळ वाचा. कुठे चुकीच्या ठिकाणी 'नाही'वर टिक केलेली दिसली तर फ्री लूकच्या, म्हणजे पॉलिसी वाचून परत करण्यासाठी मिळणाऱ्या, ३० दिवसांत दुरुस्त करून घ्या किंवा पॉलिसी परत करा.

सहा महिन्यांनी चाचणी पॉझिटिव्हच आली, तर थेट वेबसाइटवर अर्ज करण्यापेक्षा चांगला ब्रोकर गाठा. एजंट साधारणपणे एका कंपनीचा असतो, ब्रोकरला अनेक कंपन्यांना विचारता येतं, आणि काही ब्रोकर औपचारिक अर्जाआधी नुसते रिपोर्ट पाठवून अंडररायटरचा कल विचारून घेतात. कंपन्यांची धोरणं खरोखर वेगवेगळी असतात. एक सरळ नाकारते, दुसरी लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावून घेते. लोडिंगचं पत्र आलं की पुष्कळांना राग येतो. समजा मूळ हप्ता वर्षाला १८,००० आहे आणि ५० टक्के जादा लावले, तर तो २७,००० होईल. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढा दिलासा आहे. माझं मत विचाराल तर हप्ता झेपत असेल तर घ्या. एक कोटी जमत नसेल तर कर्जाएवढं तरी कव्हर घ्या, मुदत कर्जाएवढी ठेवा आणि रायडरांचा मोह सोडा. पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा १८७४ खाली घेतलीत तर रक्कम पत्नी-मुलांसाठी राखीव राहते, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. पण हे पॉलिसी घेतानाच ठरवावं लागतं.

मधल्या काळात अगदीच उघड्यावर नाही आहात. ऑफिसची ग्रुप टर्म पॉलिसी असेल तर एचआरला फ्री कव्हर लिमिट विचारा; त्या मर्यादेपर्यंत मेडिकल लागत नाही. नोकरी सुटली की ते कव्हर जातं, हे मात्र ध्यानात असू द्या. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय या पीएफसोबतच्या विमा योजनेखाली कमाल ७ लाखांपर्यंत संरक्षण आपोआप असतं. फक्त ई-नॉमिनेशन (वारसाची ऑनलाइन नोंद) झालंय का ते बघा. बँक खात्यातून प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना घ्या: वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कव्हर, पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूला. वैयक्तिक अपघात विम्यातून आजाराने झालेल्या मृत्यूचे पैसे मिळत नाहीत, पण तुम्ही रोज बाइकवर सातपूरला जाता म्हणताय, तर तोही घेऊन ठेवा.

गृहकर्जासोबत बँक जो विमा चिकटवते त्याबाबत सावध राहा. त्यात 'डिक्लरेशन ऑफ गुड हेल्थ' (माझी तब्येत चांगली आहे असं लिहून देणं) नावाचा कागद असतो, आणि कर्जाच्या गठ्ठ्यात 'इथे सही करा' म्हणून तो पुढे सरकवला जातो. त्यात बहुतेकदा यकृताच्या आजाराचा उल्लेख असतो. न वाचता सही केलीत तर तेही खोटं निवेदनच. तसा विमा घेण्याची सक्ती नसते.

फायब्रोस्कॅनमध्ये सिऱ्होसिस निघाला तर टर्म प्लॅन मिळणं जवळपास अशक्य होतं, हे लपवत नाही. मग ग्रुप कव्हर टिकवणं, कर्ज लवकर फेडणं आणि पत्नीच्या नावावर पैसा उभा करणं, हाच मार्ग.

पत्नीची आणि मुलांची एचबीएसएजी तपासणी मात्र सहा महिन्यांवर टाकू नका, याच आठवड्यात करा. निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल, तर तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. मुलांची लसीकरणाची कार्डं आधी शोधून ठेवा. बहुधा त्यांना ती बाळपणीच मिळालेली असेल.