आरशात स्वतःकडे पाहवत नाही, कथक सोडून देऊ का?

तू लिहिलंयस की विशारदच्या परीक्षेची तयारी चालू आहे, पण क्लासच्या आरशात तुला फक्त पोट आणि दंड दिसतात, रियाजाचा व्हिडिओ काढला की लगेच डिलीट करतेस. मी नागपूरला धरमपेठेत अकरा वर्षं कथक शिकले, त्यातली दोन वर्षं अशीच गेली.

माझं सुरू झालं ते अंगरख्याचं माप देताना. शिक्षिका सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला तर कापड जास्त लागेल बाप्पा!" सगळे हसले, मीही हसले. त्या रात्रीपासून एकच पोळी. पुढे पाळी थांबली, नाचात चक्कर घेताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. घरी वाटत होतं, पोरगी किती मेहनत करून राहिली!

मग एका मे महिन्यात दुसऱ्या ताईंकडे तत्कार, म्हणजे बोलांवरचं पायांचं काम, चालू असताना लाइट गेली. कूलर बंद, तळघरातल्या हॉलमध्ये मिट्ट काळोख. ताई थांबल्याच नाहीत. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' चालूच. त्या अंधारात मला पहिल्यांदा ऐकू आलं, पहिल्या 'तत्'ला माझा डावा पाय किंचित उशिरा पडतोय. इतकी वर्षं आरशासमोर उभी राहून हे कळलं नव्हतं. कसं कळणार? माझं सगळं लक्ष कमरेवर.

गंमत बघ, आपण पाठ करतो तो 'यतो हस्तस्ततो दृष्टिः' श्लोक ज्या ग्रंथातला, त्याचं नाव 'अभिनयदर्पण'. दर्पण म्हणजे आरसा, आणि सांगणं काय, तर जिथे हात तिथे नजर. पोटाकडे नाही!

तेव्हा रोज वीस मिनिटं आरशाकडे पाठ करून तत्कार कर. व्हिडिओऐवजी घुंगरांचा नुसता आवाज रेकॉर्ड कर, तो डिलीट करावासा वाटत नाही. परीक्षेत हातावर ताल धरून पढंतही, म्हणजे बोल तोंडाने म्हणणंही, विचारतात, तिथे दंडांचा काय संबंध?

जेवण तोडलं असशील किंवा पाळी चुकत असेल, तर मात्र हे उपाय पुरणार नाहीत. आईला सांग, डॉक्टरकडे जा. मी सहा महिने लपवलं, फार मूर्खपणा केला. घरी बोलता येत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फोन मोफत लागतो.

सोडायचंच असेल तर खुशाल सोड, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठरवू नकोस. माझा डावा पाय म्हणशील, तर थकले की अजूनही मागे राहतो.