बेसमेंटमधल्या दोन खोल्या: आधी तुमची, मग तबल्याची

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घराखाली ८०० चौरस फुटांचं कच्चं बेसमेंट आहे. काँक्रीटची जमीन, उघडे पाइप, कोपऱ्यात फर्नेस आणि वॉशर-ड्रायर. यजमान तबला वाजवतात, ताई ॲक्रिलिकमध्ये चित्रं काढतात. रात्रीची जेवणं झाली की डायनिंग टेबलावर कॅनव्हास मांडायचा आणि सकाळी डबे भरायच्या आत सगळं उचलायचं, असं सहा वर्षं चाललंय. दोन खोल्या, बाथरूम आणि छोटा बार मिळून कॉन्ट्रॅक्टरने ६४,००० डॉलरचं एस्टिमेट दिलंय. बचत ७४,००० डॉलर आहे. घरखर्च महिन्याला ७,२०० डॉलर आहे आणि तो भागून १,५०० उरतात. मुलगी अकरावीत आहे. यजमान एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ताईंची नोकरी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर मिळणाऱ्या ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर. बँक होम इक्विटी लाइनवर, म्हणजे घर तारण ठेवून लागेल तसं उचलायच्या कर्जावर, ८ टक्क्यांनी ५०,००० द्यायला तयार आहे. ते घ्यावेत की ४०१-के या निवृत्तीच्या खात्यातून कर्ज काढावं, आणि घराची किंमत वाढणार म्हणजे ही गुंतवणूकच ना, असं त्यांनी विचारलंय.

ताई, गुंतवणूक म्हणून याकडे बघू नका. घराचं मूल्यांकन करणारा अप्रेझर जमिनीखालचं क्षेत्रफळ घराच्या मुख्य चौरस फुटांत धरत नाही, वेगळं लिहितो आणि त्याचा भावही कमी धरतो. ६४,००० घातले म्हणून विकताना ६४,००० परत येतील असं समजून सही केलीत तर पस्तावाल. त्यापेक्षा सरळ म्हणा, आम्हाला वाजवायला आणि चित्रं काढायला जागा हवी आहे आणि तिच्यासाठी आम्ही पैसे खर्च करणार आहोत. सहा वर्षं रोज सकाळी ओले रंग गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाला एवढं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. प्रश्न फक्त किती आणि कुठून, एवढाच.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ व्हिसाची आहे. दोघांचे पगार एकाच खुंटीला टांगलेले आहेत. यजमानांची नोकरी गेली तर नवीन नोकरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि तुमचं ईएडीही त्यांच्याच व्हिसावर उभं आहे. इतरांना मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणतो, तुम्हाला आठ म्हणेन. म्हणजे ५७,६०० डॉलरला हात लावायचा नाही. ७४,००० मधून ते वजा केले की आज तुमच्या हातात मोकळे १६,४०० आहेत. कॉन्ट्रॅक्टरचा आकडा काहीही असो, तुमचा आकडा हा.

४०१-के चं कर्ज याच कारणासाठी नको. नोकरी सुटली की उरलेलं कर्ज त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं. नाही फेडलं तर ती रक्कम काढून घेतली असं धरून तिच्यावर कर आणि वर १० टक्के दंड. पगार थांबलेला असतानाच हे दार वाजतं.

होम इक्विटी लाइनचं व्याज ५०,००० वर वर्षाला ४,००० होतं. पैसा त्याच घराच्या सुधारणेत गेला आणि तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे रिटर्नमध्ये वजावटी एकेक करून दाखवत असाल, तर ते करातून वजा होतं, हे खरं. पण मुद्दल फेडायची वेळ आली की १५ वर्षांच्या हिशोबाने हप्ता महिन्याला ४७८ च्या घरात जातो, शिवाय दर बदलता असतो. दोन वर्षांनी मुलीची कॉलेजची फी सुरू होईल. लाइन मंजूर करून ठेवा, वापरू मात्र नका.

आता एस्टिमेट उघडा. बाथरूमचे १४,५०० आणि बारचे ७,००० आजच काढून टाका, उरतात ४२,५००. खालचं बाथरूम महाग पडतं, कारण मैलापाणी वर ढकलायला वेगळा पंप बसवावा लागतो. तुमच्या दोन्ही कलांना त्याची गरज नाही. ब्रश धुवायला वॉशरशेजारी एक खोल सिंक पुरे.

आणि खरं सांगू का, तुमची चित्रांची खोली जवळजवळ तयारच आहे. रंग सांडायला कच्च्या काँक्रीटसारखी जमीन नाही. चांगले दिवे, एक लांब टेबल, सिंक आणि जादा प्लग पॉइंट, एवढ्यावर ती या उन्हाळ्यात सुरू होऊ शकते. पुढे ऑइलकडे वळलात तर टर्पेंटाइन गॅसच्या वॉटर हीटरजवळ कधीही ठेवू नका. तबल्याच्या खोलीला मात्र भिंती, इन्सुलेशन, ड्रायवॉल लागणार, म्हणून ती दुसरी. महिन्याचे १,५०० बाजूला टाकलेत तर दीड वर्षात २७,००० जमतात. फक्त त्या एका खोलीचं एस्टिमेट वेगळं लिहून मागा.

पण या दोन्हींच्या आधी पाणी. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या रात्री आमच्या बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी शिरलं. वडिलांची पेटी खाली जमिनीवर होती. दोन दिवसांनी उघडली तर भात्याचा गोंद सुटलेला आणि पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या. तेव्हा पॉलिसी नीट वाचली. साध्या घराच्या विम्यात पुराचं पाणी येत नाही. सम्प पंप, म्हणजे बेसमेंटखाली साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, बंद पडून किंवा ड्रेन उलटून आलेल्या पाण्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. सरकारी पूरविमा घेतला तरी बेसमेंटमधला गालिचा, फर्निचर, वाद्यं त्यात धरत नाहीत. पुराशिवायही नुसत्या दमटपणाने तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर चढत नाही, हे यजमानांना सांगायला नकोच. म्हणून १६,४०० मधले पहिले डॉलर सम्पला बॅटरीची जोड, डिह्युमिडिफायर आणि विम्याची पुरवणी यांवर जाऊ देत. रेडॉन या जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणीही भिंती उभ्या राहण्याआधी करा. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा वर आला तर तो वायू बाहेर काढायला पाइप टाकावा लागतो, आणि ते काम उघड्या बेसमेंटमध्ये सोपं जातं.

परमिटशिवाय करून देतो म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर नको. परमिट घेतलं की प्रॉपर्टी टॅक्स थोडा वाढेल, किती ते टाऊनशिपच्या असेसरला, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, आधीच विचारा. पण घर विकताना खरेदीदाराचा वकील कागद मागतोच, आणि तुमच्या परिस्थितीत घर घाईने विकायची वेळ आली तर तिथे अडून चालणार नाही. कॉन्ट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी आहे का तपासा. ५०० डॉलरवरचं काम न्यू जर्सीत लेखी करारानेच व्हायला हवं, आणि सही केल्यावर तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करता येतो. पावत्या जपून ठेवा, विकताना नफा मोजताना त्या खर्चात धरल्या जातात.

या आठवड्यात एवढं करा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर ठेवा, चारी कडा टेपने बंद करा आणि दोन दिवसांनी उचला. खाली ओल किंवा काळपट डाग दिसला तर मला कळवा. मग तबल्याच्या खोलीचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.