पंचमात शनी आहे म्हणून तपासण्या थांबवायच्या का?

ताई, तुमचं वय 33, सव्वा वर्ष बाळासाठी प्रयत्न चालू आहेत, आणि घरच्या गुरुजींनी "पंचमात (पत्रिकेतल्या पाचव्या, संततीच्या घरात) शनी आहे, गुरूबदल (गुरू पुढच्या राशीत जाणं) होईपर्यंत डॉक्टर नको" असं सांगितलंय. पत्रिका जरूर बघा, पण हा सल्ला ज्योतिषाच्या नियमांतही बसत नाही.

पंचमातला शनी विलंब दाखवतो, नकार नाही. एकट्या ग्रहावर निकाल द्यायचाच नसतो. पंचमेश, म्हणजे पाचव्या घराचा स्वामी, कुठे आहे, गुरूची पाचवी, सातवी किंवा नववी दृष्टी पंचमावर येते का, गुरूपासूनचं पाचवं घर कसं आहे, हे आधी बघतात आणि मग सप्तांश, म्हणजे राशीचे सात भाग करून संततीसाठी काढलेली पत्रिका. गफलत होते ती तिथेच. राशीचे सात भाग केले की एक भाग 4 अंश 17 कलांचा होतो आणि लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा बिंदू) तेवढं सरकायला साधारण 17 मिनिटं लागतात. "सकाळी साडेसातच्या सुमारास" एवढ्यावर काढलेल्या सप्तांशाचा काय भरवसा? आईकडे दवाखान्याचं जुनं कार्ड असेल तर त्यावरची वेळ घ्या. कोल्हापूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे 33 मिनिटं मागे आहे. गाव बरोबर टाकलं की सॉफ्टवेअर तो हिशेब स्वतः करतं, हाताने पुन्हा वजा करू नका.

आणि मिस्टरांची पत्रिका कुणी बघितली का? संततीसाठी दोघांची बघायची असते. पुरुषाचं बीजस्फुट म्हणजे रवी, शुक्र आणि गुरूच्या अंशांची बेरीज, स्त्रीचं क्षेत्रस्फुट म्हणजे चंद्र, मंगळ आणि गुरूची. समजा मेषेच्या सुरुवातीपासून मोजून रवी 40, शुक्र 75, गुरू 130 अंशांवर. बेरीज 245, म्हणजे धनु 5 अंश. रास नववी, विषम म्हणून चांगली, पण नवांश (राशीचा नववा भाग) वृषभेचा, म्हणजे दुसऱ्या राशीचा, सम. म्हणून फळ मध्यम. क्षेत्रस्फुटाला उलट, सम रास आणि सम नवांश चांगला. बेरीज 360 च्या वर गेली तर 360 च्या आत येईपर्यंत 360 वजा करत जा.

डॉक्टरांचं गणितही असंच दोघांचं आहे. पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून राहिलं नाही तर तपासणी करायची. तुमचं वर्ष उलटून गेलंय. सुरुवात मिस्टरांच्या वीर्यतपासणीने करा, ती सगळ्यात सोपी असते. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध नकोत. तुमच्यासाठी थायरॉईड, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी. गर्भनलिकांची तपासणी पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, पण बीज सुटण्याआधी.

मुहूर्ताचं मात्र नीट ऐका. स्त्रीबीज 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू 5 दिवसांपर्यंत. पाळी 28 दिवसांची असेल तर बीज साधारण 14 व्या दिवशी सुटतं, 35 ची असेल तर 21 व्या. म्हणजे महिन्यातले जेमतेम सहा दिवस उपयोगाचे. त्यातून एकादशी, अमावास्या, गुरुजींचे वर्ज्य दिवस गाळलेत तर हातात दोन-तीनच उरतात. पुढे आयव्हीएफची वेळ आली तर बीज पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर 34 ते 36 तासांत बीज काढावंच लागतं, तिथे मुहूर्त बघायला जागाच नसते.

अंबाबाईची ओटी भरा, नृसिंहवाडीला दर्शनाला जा, मनाला आधार मिळतो आणि उपचारात काही आड येत नाही. त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबली विधी तीन दिवसांचा असतो. करायचाच असेल तर ते सहा दिवस आणि दवाखान्याच्या तारखा सोडून ठरवा. पण कुणी पुडीतलं भस्म किंवा लेबल नसलेला काढा दिला तर पोटात घेऊ नका, त्यात शिसं किंवा पारा असू शकतो. थायरॉईडची गोळी चालू असेल तर उपवासातही ती चुकवू नका. फोलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, आजपासूनच. "मुलगाच होईल" असं सांगून कुणी पैसे मागितले तर तिथून उठा; गर्भलिंग निवड 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घ्या, आणि गुरुजींची भेट त्यानंतर ठेवा.