वाचक विचारतात : आमच्या हॉलच्या भिंती फोटोत पडल्यासारख्या का दिसतात?

मागच्या अंकात लिहिलं होतं की घराच्या फोटोंबद्दल काही अडत असेल तर पाठवा, तर पत्रं भरपूर आली, आणि त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच, कुठली लेन्स घेऊ? त्या सगळ्यांना इथेच सांगून टाकतो, आत्ता काहीच घेऊ नका. घरातले दिवे बंद करा, फोन सरळ धरा, असं महिनाभर करा आणि मग परत विचारा. बाकीच्यांसाठी खाली लिहिलंय.

प्रश्न : सर नमस्कार. हडपसरला आमचा वन बीएचके भाड्याने द्यायचाय. हॉल १० बाय १४. फोनच्या ०.५ वर काढला की हॉल मोठा येतो पण भिंती पडल्यासारख्या आणि दाराची चौकट तिरकी. साध्या १ वर काढला तर नुसता सोफा येतो. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भिंती ठीक आहेत हो, तुमचा फोन वाकलाय. आपण उभं राहून डोळ्यासमोर फोन धरतो, मग फरशी दिसावी म्हणून तो खाली झुकवतो, आणि झुकवला की भिंती वरच्या बाजूला फाकतात. वर केला की उलटं, भिंती वर एकमेकींकडे झुकतात. तर फोन झुकवायचा नाही, अख्खा फोनच खाली आणायचा, छातीशी, जमिनीपासून साधारण ४ फुटांवर, आणि स्क्रीन भिंतीला समांतर. सेटिंगमधे ग्रिड चालू करा, एक उभी रेघ दाराच्या चौकटीला जुळवा, जुळली की झालं. थोडं राहिलंच तर स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमधे पर्स्पेक्टिव्ह नावाचं टूल आहे त्याने सरळ होतं, पण त्यात कडा कापल्या जातात म्हणून काढतानाच चारी बाजूंनी जरा जास्तीचं घ्या.

आता ते ०.५. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ एमएमची असते आणि ०.५ वाली १३-१४ ची (आकडा जितका लहान तितकं जास्त दृश्य मावतं). तिच्यात कडेला जे काही येतं ते ताणलं जातं, कडेचा सोफा बसच्या मागच्या सीटएवढा आणि गोल बेसिन अंड्यासारखं. शिवाय भाडेकरू घर बघायला येतो तेव्हा दारातच म्हणतो, अहो फोटोत तर केवढा होता हॉल, आणि तिथेच बिनसतं. मी स्वतः शक्यतो १ वर काढतो आणि खोलीच्या बाहेर जातो. म्हणजे हॉल काढायचाय तर गॅलरीत किंवा पॅसेजमधे, नाहीतर सरळ बेडरूमच्या दारात पाठ टेकवून. एकदा तर बाथरूमच्या दारात एक पाय बादलीवर ठेवून काढलाय, क्लायंटला अजून माहीत नाही. टीपॉय काढून टाका, तेवढ्याने दोन फूट जागा वाढलेली दिसते. आणि एकाच फोटोत अख्खा हॉल आलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय, दोन काढा.

दिव्यांचं लोकांना पटत नाही. पांढरी ट्यूब असते साधारण ६५०० केल्व्हिनची (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळसर), पीओपीतले पिवळे दिवे ३००० च्या आसपास, आणि खिडकीतून ऊन येतंय ते आणखी तिसरंच. कॅमेऱ्याने कुणाला पांढरं मानायचं? मग एकच भिंत एका कोपऱ्यात हळदीची आणि दुसऱ्यात निळीची दिसते. सगळे बंद करा, फक्त खिडकी ठेवा. खोली डोळ्यांना अंधारी वाटेल, वाटू दे, फोन कशावर तरी टेकवून ३ सेकंदांचा टायमर लावा.

वेळ खिडकीच्या दिशेवर ठरवा. पूर्वेची गॅलरी असेल तर सकाळी ऊन थेट आत येऊन फरशीवर भगभगतं, ते ओसरलं की म्हणजे ११ नंतर काढा. पश्चिमेची असेल तर सकाळीच उरका. दक्षिणेच्या खिडकीची गंमत वेगळी आहे. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, खिडकीतून उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही. डिसेंबरात तोच दुपारी जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे ७ फुटी दारातून ऊन ६ फूट आत येतं (छज्जा फार पुढे आलेला नसेल तर). दिवाळीनंतर जागा रिकामी होणार असेल तर थांबा असंच सांगीन.

किचनला मात्र फोन जरा वर घ्या, साडेचार फूट वगैरे, नाहीतर ओटा म्हणजे नुसती एक काळी रेघ येते. घासणी, साबणाची वडी आणि फ्रिजवरची चुंबकं उचला. भिंतीवरचं कालनिर्णय राहिलं तरी चालेल पण महिना चालू असू द्या.

प्रश्न : मी इंटिरियरचा कोर्स करतेय. साइटवर फोटो काढले की त्यात आडवे काळपट पट्टे येतात. मोबाईल खराब झालाय का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो त्यामुळे काही ओळी मंद वेळेत सापडतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमधे (जिथे सगळं आपण ठरवतो) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. डिमर असेल तर फुल करा, काही डिमर वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. आणि पंखा बंद, आधी पंखा बंद!

प्रश्न : गुहागरजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, होमस्टे सुरू करायचाय. पडवीचे फोटो छान येतात. माजघर मात्र एकतर काळं ठिक्कर, नाहीतर खिडकी पांढरीफटक होऊन बाहेरची माडाची झाडंच गायब. फ्लॅश मारला की भूतबंगला. कॅमेरा साधा डीएसएलआर आहे, किट लेन्स. (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : पहिलं म्हणजे माजघर अंधारंच असतं, तेच त्याचं सुख आहे, मे महिन्यात दुपारी तिथे चटईवर आडवं पडलेल्याला विचारा. त्याचा कॉर्पोरेट हॉल करू नका. पाहुणा त्या गारव्यासाठीच येणारे.

डोळा खिडकी आणि कोपरा दोन्ही एकाच वेळी सांभाळतो, कॅमेऱ्याला ते एका फोटोत झेपत नाही. म्हणून तीन काढायचे. ट्रायपॉड, एफ ८ (लेन्सचं छिद्र जरा बारीक), आयएसओ १०० (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता कमी), आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे २, शून्य, अधिक २. यालाच ब्रॅकेटिंग म्हणतात, बहुतेक कॅमेऱ्यात ती सोय असतेच, २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलायला नको. मग लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमधे तिन्ही एकत्र करायचे, यालाच एचडीआर म्हणतात. पण हे करताना हात आवरा, एचडीआरचे सगळे स्लाइडर टोकाला नेले की चिरा दगडासारखा न दिसता लाल प्लास्टिकसारखा दिसायला लागतो आणि सावल्यांमधून राखाडी धूर येतो. कोपरे थोडे काळे राहू द्यात.

दुसरा उपाय फुकट आहे, वेळ बदला. पावसाळी ढगाळ दिवशी, नाहीतर सूर्य वर यायच्या आत, बाहेरचा आणि आतला उजेड खूप जवळ येतो आणि एका फोटोत भागतं.

आणि तिसरा तुमच्या छपरातच असेल बहुतेक. काचेचं कौल आहे ना? राजापूरकडे अशाच एका घरी मी मे महिन्यात गेलो होतो, आढ्याजवळ दोन काचेची कौलं, त्यातून हातरुमालाएवढे दोन कवडसे सारवलेल्या जमिनीवर पडलेले, बाकी सगळा काळोख. सारवलेली जमीन उजेड पिऊन टाकते, परत काही देत नाही. घरच्या आजींनी सहज धुतलेलं पांढरं धोतर वाळत घालायला आणलं होतं, ते मागून घेतलं आणि घडी घालून खांबाच्या आड, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, बरोबर कवडशावर पसरलं. एकदम वासे दिसायला लागले, वरचा धुराने काळा झालेला मधला वासा, त्याला टांगलेलं शिंकं, भिंतीतल्या कोनाड्याची कड, सगळं. कवडसा सरकत होता म्हणून दर पाच मिनिटांनी धोतर सरकवत होतो. आजी म्हणाल्या, वाळलं तेवढंच. त्या दिवशी कुठलाच दिवा लावला नाही.

प्रश्न : ठाण्यात २२व्या मजल्यावर राहतो. रात्री खिडकीतून शहराचे दिवे अप्रतिम दिसतात पण फोटोत आमचा हॉलच काचेत दिसतो. हॉल आणि बाहेरचं शहर दोन्ही कसं आणायचं? (एक वाचक)

उत्तर : रात्र व्हायची वाट बघू नका. सूर्य मावळला की १५-२० मिनिटांनी काढा, आकाश गडद निळं असतं, बाहेर दिवे लागलेले असतात आणि आतले बारीक पिवळे दिवे त्याला मॅच होतात (हो, इथे मी दिवे लावायला सांगतोय, लिहून ठेवा). आपल्याकडे संधिप्रकाश लवकर संपतो, २०-२५ मिनिटं धरा, त्यामुळे ट्रायपॉड आधीच मांडून ठेवा. काचेवर उजेड फेकणारा एखादा दिवा असेल तर तो बंद, स्लायडर उघडता येत असेल तर सरळ उघडा.

पूर्ण रात्रीचाच हवा असेल तर जुनी युक्ती आहे. घरांचे फोटो काढणारे अमेरिकन फोटोग्राफर ज्युलियस शुलमन यांनी १९६० मधे लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या केस स्टडी हाउस नंबर २२ या घराचा फोटो काढला, काचेच्या खोलीत दोघी बसलेल्या आणि खाली सगळं शहर पसरलेलं, तो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. त्यात त्यांनी घरातले दिवे घालवून शहरासाठी साधारण सात मिनिटं शटर उघडं ठेवलं आणि त्याच फिल्मवर शेवटी आत फ्लॅशबल्ब उडवला. तुम्हाला एवढंही नको, ट्रायपॉड न हलवता दोन फोटो काढा, एक दिवे बंद करून बाहेरचा, एक लावून आतला, आणि दोन्ही जोडा. खिडकीपुरता पहिला, बाकी दुसरा.

प्रश्न : बेडरूममधे कपाटाला फुल आरसा. कुठूनही काढा, मी दिसतोच, तेही बनियनवर. (नाव छापू नका)

उत्तर : नाही छापलं. समोरून काढू नका, आरशाच्या बाजूला सरकून तिरक्या कोनातून काढा, आरशात मग पलंग किंवा खिडकी दिसेल आणि खोली मोठीही वाटेल. जागाच नसेल तर ट्रायपॉडवर १० सेकंदांचा टायमर लावा आणि बाहेर पळा, ट्रायपॉड तेवढा राहील, तो नंतर पुसता येतो. टीव्ही बंद असला तरी आरसाच असतो हे विसरू नका. आणि शर्ट घालायला काय जातं म्हणतो मी.

प्रश्न : गणपतीत आमच्या मखराचे फोटो दरवर्षी बिघडतात. लायटिंगमुळे बाप्पा कधी जांभळे तर कधी हिरवे, समईची ज्योत म्हणजे नुसता पांढरा ठिपका. नातू म्हणतो नवीन फोन घे. (तुमची वाचक काकू, सांगली)

उत्तर : काकू, नातवाला नवीन फोन हवाय, तुम्हाला नकोय. रंगीत माळा फोटोपुरत्या बंद करा. एलईडीचा निळा-जांभळा रंग इतका तीव्र असतो की कॅमेऱ्यात बाकीचे रंग बुडतात, मूर्तीच्या चेहऱ्यावरची रेखणी तर पहिली जाते. वरची ट्यूबसुद्धा बंद, कारण समईचा उजेड १९०० केल्व्हिनच्या आसपास आणि ट्यूब ६५०० ची, दोघींचं जन्मात जमणार नाही. संध्याकाळी बाजूच्या खिडकीतून थोडा उजेड येत असताना समई लावा, पंखा बंद म्हणजे ज्योत हलणार नाही, फोन चार पुस्तकांवर टेकवा. स्क्रीनवर ज्योतीवर बोट दाबून धरा, बाजूला छोटा सूर्य दिसेल तो थोडा खाली ओढा, ज्योतीला आकार येईल. आरतीच्या गर्दीत हे होणार नाही, आधी अर्धा तास काढून ठेवा.

आणि उभ्याने काढू नका. आपल्याकडे मूर्ती चौरंगावर असते, उभ्याने काढली की मुकुट मोठा आणि पाय बारके दिसतात. मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं, म्हणजे खाली बसायचं. गुडघे दुखत असतील तर नातवाला बसवा.