दीक्षाभूमीवर तिने केलं तेच हे काम

नागपूरच्या इतवारीतल्या भाऊंना नमस्कार.

मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि आता म्हणते परराष्ट्र सेवेत जायचं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: इंग्रजी कच्चं असताना हे जमेल का, आणि पोरगी देशोदेशी राहिली तर लग्नाचं काय?

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पाणी वाटताना थायलंडच्या एका भन्तेजींनी तिला विचारलं, एवढ्या लांबून आलेली माणसं परतताना पिशव्या भरभरून पुस्तकं का नेतात? मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती अर्धा तास त्यांना बाबासाहेब आणि १९५६ समजावत राहिली. मग त्यांच्या गावात पहाटे भिक्षेला निघालेल्या भन्तेंना लोक काय वाढतात, ते विचारून वहीत लिहून आणलं. भाऊ, आपलं सांगायला पुष्कळ जण पुढे येतात, समोरच्याचं विचारायचं फार थोड्यांना सुचतं. राजदूताला रोज तेच करावं लागतं.

इंग्रजीचं म्हणाल तर या सेवेसाठीची यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर पात्रतेपुरता असतो. पण नोकरीत इंग्रजीवाचून चालत नाही, तेव्हा रोज तासभर वाचन आणि बोलणं आजपासूनच सुरू करा. पुढे दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेतल्या प्रशिक्षणानंतर प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावीच लागते, तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली या सेवेत आले, जपानी शिकले आणि पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले.

लग्नाची अडचण एके काळी खरोखर होती. स्त्री अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागे, नंतर राजीनामाही मागता येई. या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९७९ साली निकाल लागला. तो नियम आता नाही.

मला काळजी वाटते ती वेगळीच. साधारण दर तीन वर्षांनी देश बदलतो. तुम्ही आजारी पडाल तेव्हा ती इतवारीत नसेल, कदाचित आखातातल्या वकिलातीत बसून आपल्याच कुठल्या मजुराचं पार्थिव घरी पाठवायची कागदपत्रं रात्रभर करत असेल. हे जेवायला बसल्यावर तिघांनी मोकळेपणी बोला.

परीक्षेला लाखो बसतात, परराष्ट्र सेवेच्या जागा मात्र मोजक्याच. म्हणून एखादी परकी भाषा आत्ताच धरायला सांगा, निवड नाही झाली तरी अनुवाद आणि पर्यटनात ती भाकर देते. वय २१ झालं की परीक्षा देता येते, खुल्या गटाला सहा प्रयत्न मिळतात. माझं मत विचाराल तर तिसऱ्यानंतर थांबून पुन्हा बसून ठरवा. नागपुरातच जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारात यूपीएससीची तयारी करून घेणारं शासकीय प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या प्रवेश परीक्षेची चौकशीही करून ठेवा.

आणि भेटायला याल तेव्हा तिला ती वही सोबत आणायला सांगा. मला वाचायची आहे.