फोन लावण्याआधी

प्रिय डॉक्टर,

परवा रात्री दीड वाजता तू पाठवलेला ईसीजी मी पाहिला. खरं सांगायचं तर अर्धाच पाहिला. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका व्ही टू-व्ही थ्रीवर, म्हणजे छातीवरच्या लीड्सच्या रेघांवर पडला होता, खालची ओळ कापली गेली होती आणि सोबत मजकूर एवढाच : 'सर, प्लीज ओपिनियन.' मी लगेच फोन केला म्हणून निभावलं. पेशंट ठीक आहे असं सकाळी तुझ्या सिस्टरकडून कळलं, आणि हे लिहायला बसलो. रागावलेलो नाही. सरकारी सेवेच्या बॉन्डच्या पहिल्या महिन्यात पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्र एकटीनं काढणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझ्या वेळी फोन गावच्या पोस्टात होता आणि पोस्टाला संध्याकाळी कुलूप लागायचं, इतकाच फरक.

तू परवा केलंस ते काम तसं जुनंच. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ईसीजीचा जनक आइन्थोवेन यानं १९०५ साली दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलातला ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत घेतला. यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं. ते हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून तार ओढली. पेशंट तिकडे मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हात-पाय बुडवून बसलेला. इकडे पोचायची ती फक्त रेघ. त्याला घाम फुटलाय का, तो कण्हतोय का, हे तारेतून येत नव्हतं. तुझ्या मोबाइलवरूनही येत नाही, तू लिहिलंस तरच येतं.

म्हणून आधी साध्या गोष्टी. कागद टेबलावर सपाट ठेव, फ्लॅश बंद कर, बाराही लीड्स (बारा रेघा) आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजमापाची, खूण फोटोत आली पाहिजे. वरचं नाव अंगठ्यानं झाक. वय, दुखणं सुरू झाल्याची वेळ आणि ईसीजीची वेळ मात्र लिही. पहिला ईसीजी साधा दिसला आणि दुखणं चालूच असलं, तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा काढ. दोन्ही शेजारी ठेवून पाठवलेस तर निम्मं उत्तर तुलाच दिसेल.

आता माझी एक चूक सांगतो. वीसेक वर्षं झाली. आडगावातल्या एका तरुण डॉक्टरनं रात्री फोन केला : पन्नाशीचा शेतकरी, एपिगॅस्ट्रिक डिसकम्फर्ट (पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा), बहुतेक ॲसिडिटी. मी जेवत होतो. अँटासिड द्या, सकाळी पाठवा, म्हणालो. सकाळी तो माणूस जीपमधून आला तेव्हा माझ्या टेबलासमोर बसता बसता म्हणाला, "रात्रभर छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत झालं होतं." हेच त्यानं रात्री त्या डॉक्टरलाही सांगितलं होतं. पाट्याचं डिसकम्फर्ट झालं आणि मग माझ्या कानात त्याचं गॅस झालं. माणूस वाचला, पण हृदय दुबळं झालं ते झालंच. पुन्हा नांगर धरला नाही त्यानं. त्या रात्री लाइन अगदी स्वच्छ होती, खरखरसुद्धा नव्हती. तेव्हापासून मी फोनवर पहिल्यांदा विचारतो, पेशंट स्वतःच्या तोंडानं काय म्हणाला? ते जसंच्या तसं लिही. कळ, चमक, धाप, जीव घाबरा होणं, या प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं आहे आणि ते आपण घाईत चुकतो.

दुसरं म्हणजे प्रश्न विचार. 'ओपिनियन' हा प्रश्न नाही. 'स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) इथेच देऊ की १०८नं पुढे पाठवू?' हा प्रश्न आहे. तो लिहायला बसलीस की बीपी घेतलं नाही, जुना पक्षाघात विचारला नाही, हे तुझं तुलाच आठवतं. सर्पदंशाच्या केसमध्ये मला पायाचा फोटो नको असतो. चावल्याची वेळ सांग, वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये काचेच्या नळीतलं रक्त गोठलं की नाही ते सांग, आणि पापण्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठव. झापड येतेय का, हे फोटोत कधीच नीट कळत नाही.

गोव्यातला स्टेमी, म्हणजे मोठ्या हार्ट अटॅकसाठीचा, प्रकल्प बघ. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मध्यभागी, लहान रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं त्याला जोडलेली. ईसीजी तिथून जातो, वाचून निदान परत येतं, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जागेवर देऊन मग पेशंट गाडीत घालतात. यात यंत्राचं कौतुक आहेच. पण उत्तर देणं ही कुणाची तरी ड्यूटी आहे आणि इंजेक्शन कपाटात आहे, म्हणून ते चालतं. तुझ्या कपाटात काय आहे ते उद्या उजेडी बघून घे.

शिकण्याचं म्हणशील तर संजीव अरोरांचं काम वाच. न्यू मेक्सिकोत ते हिपॅटायटिस सीचे तज्ज्ञ. त्यांच्याकडे नंबर लागायला आठ महिने लागायचे. २००३ पासून त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर बसवलं. गावच्या डॉक्टरनं आपली केस मांडायची, बाकीच्यांनी ऐकायची, उपचार त्यानंच करायचे. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आले. बरे होण्याचं प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के, गावच्या आणि तुरुंगातल्या केंद्रांत ५८.२. आपल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर मात्र सकाळचे सुविचार येतात! केस कुणी टाकलीच तर दहा जण अंगठा दाखवतात आणि पुढे पेशंटचं काय झालं ते कुणी लिहीत नाही. पुढचं कळल्याशिवाय त्या केसमधून शिकणार काय?

आणि ज्ञान वरून खालीच येतं असं समजू नकोस. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे पेशंट बिरवाडीच्या पीएचसीत आणि पुढे महाडात रात्र रात्र बसून पाहिले, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि ते 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचवलं. तेव्हा पोस्टानंच पाठवावं लागायचं सगळं.

कायद्याचं थोडक्यात. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं एकदा मुळातून वाच. पेशंटनं स्वतः फोन केला तर त्याची संमती धरली जाते. तू किंवा तुझी सिस्टर लावून देणार असेल तर विचारावं लागतं. आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी जबाबदारी उपचार करणाऱ्याचीच राहते. मी फोनवर काहीही म्हणालो तरी पेशंट तुझा. माझं तुला पटलं नाही तर तसं तोंडावर सांग. तू त्याच्या खाटेशी उभी आहेस, मी अंथरुणात आहे. मी काय म्हणालो आणि किती वाजता, ते केसपेपरवर लिहायला मात्र विसरू नकोस.

उपकेंद्रातून ई-संजीवनीवर (सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर) तुझ्याकडे येणारे कॉलही याच नजरेनं बघ. तिथे माझ्या खुर्चीत तू असतेस आणि पलीकडे सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी, गोंधळलेली असते. तिला घाईत तोडू नकोस. पेशंट म्हातारी काय म्हणते ते त्या म्हातारीच्याच तोंडून ऐक, कॅमेरा जरा खाली करायला सांगून पायावरची सूज बघ, श्वास मोजायला लाव.

रेंज नसेल तेव्हा साधा फोन कर, मी उचलतो. अकरानंतर एकदा वाजून थांबू नकोस. दुसऱ्यांदा लाव, वयामुळे झोपेतून उठायला वेळ लागतो.

परवाच्या पेशंटचा दुसरा ईसीजी काढला होतास का? असला तर पाठव. फ्लॅश बंद करून.

तुझा,
सर